शंभरच्या आत

कातळावर वैर चालत नाही. आमच्या गावात खडकांवरच्या शिंपल्यांतली कालवं काढणाऱ्या बायकांचा हा एकच नियम आहे, आणि तो कोणी केला ते कोणाला माहीत नाही. सुकती लागली, म्हणजे समुद्र मागे हटला, की आम्ही टोपल्या आणि कोयत्या घेऊन खडकांवर उतरतो. मधे एक घळ लागते. तिच्यात सुकतीलाही कमरेएवढं पाणी असतं आणि तळाला शेवाळ. ती ओलांडताना शेजारी जी बाई असेल तिचा हात धरायचा. घरी तिचं तोंड बघत नसलात तरी धरायचा. पलीकडे गेल्यावर सोडायचा.

मी आणि माझी मोठी जाव द्वारका, आम्ही अकरा वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही आता नाहीत. घरं भिंतीला भिंत लागून. कामातली जोडी मात्र लग्न होऊन आल्यापासून तीच, आणि जोडी कोणी बदलत नाही. घळ आली की मी उजवा हात पुढे करायची, ती डावा. पलीकडे गेलो की दोघी हात लुगड्याला पुसायचो.

त्या घळीतच माझी कुसुम गेली. एकुलती मुलगी, एकोणीस वर्षांची. मी त्या दिवशी तापाने घरी होते, माझ्या जागी ती गेली होती, म्हणून तिचा हात द्वारकावयनीच्या हातात होता. वयनी परत आली, कुसुम आली नाही. काय झालं ते वयनीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी फक्त बोलणं थांबवलं.

कालवाची कड पात्यासारखी असते. आमचे तळवे कायम फाटलेले. त्यावर औषध एकच, शिंपल्या भाजून केलेला चुना आणि हळद. झोंबतं, पण जखम धरते. २०४१ साली किनाऱ्यावर संशोधन केंद्राची पांढरी इमारत झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टर हिंदळेकरबाईंनी आमचे हात उलटसुलट करून बघितले. मग त्यांनी एक लेप आणला.

तो कसा काम करतो ते त्यांनी आम्हाला अंगणात बसवून सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही कालवं खडकावरून सोडवता. कालव खडकाला कसं धरतं ते आम्ही शिकलो. आपल्या अंगातल्या पेशीही तशाच धरून असतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर बारीक आकडे असतात. शेजारणीच्या आकड्यात आपले आकडे अडकवून ती बसते, म्हणून आपण सांडत नाही, एका जागी उभे राहतो. जखम म्हणजे हात सुटलेल्या पेशी. हा लेप त्यांना परत एकमेकींचा हात देतो."

सरू म्हणून आमच्यातली एक आगाऊ बाई आहे. ती म्हणाली, "बाई, माझ्या घोवाक लावलंय तर तो घराक चिकटात काय?"

सरूचा नवरा घरी टिकत नाही, हे गावाला माहीत आहे. बाई हसल्या. मग त्यांनी एक कागद दिला. बावन्नाव्या वर्षी मी अक्षरं शिकले होते, म्हणून कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्याने वाचलं: लेप लावल्यावर एकवीस दिवस त्यावर कोणतेही औषध लावू नये.

कोणी लावलं नाही. गोळी नाही, मलम नाही. चुना-हळद मात्र सगळ्यांनी लावली, मीही लावली. चुना-हळद औषधात धरायची हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ते तर घरचं.

हात मात्र असे भरून आले की आम्ही एकमेकींना दाखवत फिरलो.

*

मार्गशीर्षातली गोष्ट, एकवीस दिवस अजून भरले नव्हते. आम्ही परत येत होतो. घळीच्या मध्यावर असताना लाटांचा भोंगा वाजला. तो भोंगा यंत्र वाजवतं, समुद्रातल्या तरंगत्या डब्यांवरून त्याला कळतं, आणि सहसा अर्धा तास आधी कळतं. त्या दिवशी भोंगा आणि लाट बरोबरच आली. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या. घळीत उभा खडक आहे, त्याला मी डाव्या हाताने मिठी मारली. उजव्या हातात वयनी. पाणी गळ्यापर्यंत येई, उतरे, पुन्हा येई. दीड तास आम्ही तशा होतो. एक शब्द बोललो नाही.

सरूच्या मुलांनी होडी आणून आम्हाला बाहेर काढलं. वाळूवर बसल्यावर मी हात सोडला. तो सुटला नाही.

थंडीने आखडलाय असं मला वाटलं. बोटं एकेक उघडली. बोटं मोकळी झाली, तळवा नाही. तळव्याला तळवा लागून होता, आणि ओढला तेव्हा दुखलं. आधी माझ्या हातात, आणि क्षणभराने, जरा लांबून आल्यासारखं, पुन्हा एकदा दुखलं.

वयनीने अकरा वर्षांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"ओढू नको," ती म्हणाली. "माका लागता."

*

केंद्रात आम्हाला समुद्राकडच्या खोलीत ठेवलं. दोन खाटा जोडून. हिंदळेकरबाईंनी तपासलं, सगळं विचारलं, आणि चुन्याचं ऐकल्यावर त्या खुर्चीवर बसल्या.

"मावशी, चुना म्हणजे कॅल्शियम. पेशींचे आकडे कॅल्शियममुळेच ताठ राहतात. ते काढून घेतलं की आकडे मऊ पडून सुटतात. तुम्ही रोज वर चुना घालत राहिलात. त्यात समुद्राचं पाणी, आणि दीड तास दाब."

"मग सगळ्यांचे हात कशे नाय चिकटले?" वयनीने विचारलं.

"बाकी कोणी दीड तास कोणाचा हात धरून नव्हतं. आणि तुमचे तळवे. पेशीला खाली कडक लागलं की ती जास्त घट्ट धरते. मऊ हाताच्या बाईला हे इतकं झालं नसतं."

दुसऱ्याचं मांस अंग हाकलून देतं, हे मी ऐकलं होतं. तेही विचारलं. लेपात अंगाच्या पहारेकऱ्यांना गुंगवणारं काहीतरी होतं, जखम लाल होऊन सुजू नये म्हणून. पहारेकरी झोपले होते.

सोडवायला एक पाणी होतं. चुना शोषून घेणारं. त्यात हात बुडवून ठेवायचा. पण आधी मधे काय काय जुळलंय ते बघायला हवं, म्हणून त्यांनी केसाएवढी सुई घालून थोडं मांस घेतलं, आणि म्हणाल्या, दोन दिवस थांबा.

दुपारी जेवण आलं. माझा उजवा हात अडकलेला. मी डाव्या हाताने भात घेतला.

"डाव्या हातान जेवतंस?" वयनी म्हणाली. "बापाशीन शिकवल्यान नाय काय तुका?"

"मगे काय उपाशी ऱ्हवू?"

तिने तिच्या मोकळ्या उजव्या हाताने माझ्या ताटातला भात कालवला, आमटी घातली, घास केला आणि माझ्या तोंडापुढे धरला. मी तोंड उघडलं नाही.

"अकरा वर्सां उपाशी ठेवलंस माका. आता निदान जेव तरी," ती म्हणाली.

मी घास घेतला. मीठ कमी होतं. ती म्हणाली, "मीठ कमी असा." तिने अजून स्वतः घास घेतला नव्हता. आम्ही दोघी ताटाकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, "दवाखान्यातला जेवाण, मीठ कमीच असतला." मी हो म्हटलं.

*

वयनी दुपारी झोपते. जेवण झालं की तिचे डोळे आपोआप मिटतात. दुसऱ्या दिवशी ती झोपली होती आणि मी खिडकीतून खडक उघडे पडताना बघत होते. तेव्हा तिचा हात आवळला.

तो नुसता झोपेतला चाळा नव्हता. बोटं माझ्या हातावर बसली, नखं रुतली. घळीत धरतात तसं. मग थोडं सैल, पुन्हा जोरात. तिसऱ्यांदा तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर एकदम सगळी बोटं उघडली आणि उघडीच राहिली.

वयनी झोपलेलीच होती.

मी हात हलवला नाही. आणि मग तळव्याच्या आत, दोघींच्या मधे, काहीतरी ओढलं गेलं. माझ्याकडून नाही. लहान मूल झोपेत पदर ओढतं तेवढंच.

वयनी जागी झाली. "कित्याक ओढतंस गो?"

"मी खय ओढलंय? माका वाटला तू."

तिने जोडलेल्या हाताकडे बघितलं. मग पदराने तो झाकून टाकला.

*

तिसऱ्या दिवशी हिंदळेकरबाई आल्या त्या दार लावून बसल्या.

"मंजुळामावशी, तुम्हाला मुलं किती?"

"एक चेडू होता, कुसुम. गेला."

त्यांनी हातातला पडदा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या हातांच्या मधे दोन माणसांच्या पेशी असायला हव्यात. आम्हाला तीन माणसांच्या मिळाल्या."

मला वाटलं, कोणाची तरी चूक झाली. सुई धुतली नसेल.

"आम्ही तीनदा तपासलं. ऐका. मूल पोटात असताना त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात. सगळ्याच आयांच्या अंगात येतात. मूल जन्मतं, मोठं होतं, पण त्या पेशी आईच्या अंगात राहतात. तीस-चाळीस वर्षंसुद्धा. लाखात एखादी. आणि आईला जखम झाली की त्या तिकडे जातात. हे जुनं, माहीत असलेलं आहे. तुमच्या तळहातावर वर्षानुवर्षं जखमा. त्या तिथे आलेल्याच असणार. लेपाने त्यांना हात दिला. चुन्याने तो सुटू दिला नाही."

खोलीत यंत्राचा आवाज येत होता. वयनीच्या छातीत हृदयाला ठोके देणारी बॅटरी आहे, तिची टिकटिक मला माझ्या मनगटात कळत होती.

"पेशीला चारी बाजूंनी शेजारी मिळाला की ती वाढायची थांबते," बाई म्हणाल्या. "या थांबत नाहीत. पहिल्या दिवशी हजारात एक होती. आज तिसरा हिस्सा आहे. आणि सगळ्यांत घट्ट त्यांनीच धरलंय."

"कोणाक धरलानी?" मी विचारलं.

बाई वयनीकडे बघून म्हणाल्या, "यांना."

वयनीचा हात एकदम गार पडला. तो गारवा माझ्या कोपरापर्यंत आला.

पुढचं बाईंनी लवकर सांगून टाकलं. जोड रोज बोटभर वर सरकतोय. मनगटाशी पोचला की मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना मिळतील. माझं हृदय ठीक आहे. वयनीचं बॅटरीवर चालतं, त्याला दोन अंगांचं रक्त ढकलणं जमणार नाही. परवापर्यंत हात वेगळे करायला हवेत. पाण्यात बुडवून वेगळे होतील. मधल्या पेशींना मग धरायला काही उरणार नाही.

"मगे त्यांचा काय होतला?"

"मावशी, पेशीला धरायला काही नसलं की ती आपली आपण मरते. तिला कोणी मारत नाही. एका दिवसात मरते."

त्यांनी संमतीचा कागद ठेवला. दोघींची सही लागणार होती. वयनीचा अंगठा, माझी सही.

*

मी म्हटलं, सही करणार नाही.

अकरा वर्षं माझ्याकडे कुसुमचं काही नव्हतं. समुद्राने अंगसुद्धा परत दिलं नव्हतं. आता ती माझ्या तळहातात होती आणि मी तिला पाण्यात बुडवायची.

वयनीने मला काही म्हटलं नाही. रात्री नाही, सकाळी नाही. घास भरवत राहिली. दुपारी तिने हातावरचा पदर काढला. जोड मनगटाच्या दोन बोटं खाली आला होता. त्यावरची कातडी आमच्या दोघींच्या कातडीसारखी नव्हती. गोरी, नितळ. कोयती न लागलेली.

"विचार," वयनी म्हणाली.

"काय?"

"अकरा वर्सां जा विचारूचा हा, ता विचार."

तिनेच सांगितलं, खडकांकडे बघत.

"व्हय. मी सोडलंय. तीन लाटा धरून ठेवलंय. चौथी इली तेव्हा माझे पाय उचलले. म्हटलंय, आता दोघी जातलंव. आणि हात उघडलंय."

"तिना?"

"तिना नाय सोडल्यान. माझी बोटां उघडी, तरी ती धरून होती. मगे पाणी आडवा इला. तिना माझ्याकडे बघल्यान. ता मी तुका सांगू शकलंय नाय."

दुपारच्या झोपेत तिचा हात का आवळतो आणि का उघडतो, ते मला तोपर्यंत कळलेलंच होतं. तीनदा आवळायचा. चौथ्यांदा उघडायचा. अकरा वर्षं रोज.

मी म्हटलं, "तू नसतंस सोडलंस तर दोघी गेल्यो असत्यो."

"व्हय."

"मगे तू काय करू सांगतंस? अंगठो लावतंस?"

"कागदार लावतंय," ती म्हणाली. "पण हात मी काढूचंय नाय. एकदा मी सोडलंय. परत माझ्याच्यान होवचा नाय. आता काय ता तू कर. नाय केलंस तरी माझी तक्रार नाय."

तिच्या छातीतली बॅटरी माझ्या मनगटात टिकटिकत होती. मधेच एक ठोका चुकत होता.

मी हिच्याशी अकरा वर्षं एकाच गोष्टीसाठी बोलले नव्हते. तीच गोष्ट आता मला करायची होती.

*

पांढऱ्या तसराळ्यात पाणी होतं, साध्या पाण्यासारखं. बाई आणि एक परिचारिका समोर. मी सही केली होती. माझी सही मोठी येते, मंजुळा एवढंच लिहिते. वयनीने डोळे मिटले. हात मी बुडवला.

आधी काही झालं नाही. मग मुंग्या. मग कडेकडेची कातडी सैल पडू लागली. चिकटलेला कागद पाण्यात सुटतो तशी. बाई घड्याळ बघत होत्या. अर्ध्या तासात माझ्या बाजूचं सुटलं, वयनीच्या बाजूचं कडेने सुटलं, पण मधलं राहिलं. बाईंनी अजून औषध घातलं. राहिलंच.

"पाणी यापुढे काही करणार नाही," त्या हळू म्हणाल्या. "पातं लावलं तर रक्त थांबणार नाही. मावशी, तुम्हालाच ओढायला लागेल."

मी ओढलं. आतून कोणीतरी तेवढ्याच जोराने ओढलं. वयनीच्या घशातून आवाज निघाला. यंत्राचा सूर बदलला.

मी वाकले. पाण्याला तोंड लागेपर्यंत वाकले.

"सोड गो बाय," मी म्हटलं. "काकी तुझी दमली हा. सोड."

बाईंनी नंतर सांगितलं की औषधाला तेवढा वेळ लागणारच होता, तो बोलण्याचा परिणाम नाही. त्या शिकलेल्या आहेत, मी वाद घातला नाही. पण वहीत वेळ लिहून त्यांनी पुढे 'मावशी बोलल्यावर' असं लिहिलं होतं, ते मी वाचलं.

हात सुटला. मी माझा वर काढला. लाल, ओला, रिकामा.

*

याला आता दोन वर्षं होतील. केंद्राने लेप बंद केला. सगळ्या बायकांचे हात पुन्हा फाटले आणि पुन्हा चुना-हळद सुरू झाली. वयनीचं हृदय आहे तसं आहे. मधल्या भिंतीत आम्ही दार पाडून घेतलं, कारण तिला आमटी जमत नाही आणि मला भात.

कुसुम एका दिवसात मरणार होती. माझ्या बाजूची मेली. माझ्या तळव्यावर आता नुसता वण आहे. वयनीच्या तळव्यावर मात्र एक तुकडा राहिला, कालवाच्या गराएवढा. गोरा, मऊ. घट्टा पडत नाही त्याला. औषध उतरल्यावर वयनीचं अंग त्याला हाकलून देईल असं बाई म्हणाल्या होत्या. पहारेकरी जागे होऊन दोन वर्षं झाली, त्याला हात कोणी लावलेला नाही. बाई तो काढून टाकू म्हणाल्या तेव्हा वयनीने मूठ मिटली. "खय जातला ता? ऱ्हवांदे," म्हणाली.

दुपारी झोपेत तिचा हात अजून आवळतो. मी बाजूला बसून मोजते. एक, दोन, तीन. चौथ्यांदा उघडत नाही.

कातळावर आम्ही जातो. घळीत हात धरतो. तो तुकडा पुन्हा धरू शकतो, म्हणून बाईंनी घालून दिलेला नियम आहे: तळव्याला तळवा शंभर मोजायच्या आत सोडायचा, शंभराच्या पुढे त्या जबाबदार नाहीत. म्हणून आम्ही मोठ्याने मोजतो, एक आकडा तिने, एक मी. घळ साठ-सत्तरमध्ये पार होते. पण पलीकडे गेल्यावर आम्ही हात लगेच सोडत नाही. खडकावर उभ्या राहतो. नव्वदच्या सुमाराला तिच्या तळव्याकडून जराशी ओढ लागते, पदर ओढल्यासारखी. मग नाइलाजाने हात काढतो.

काल पाणी अगदी शांत होतं. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या. सरूने लांबून हाक मारली, आम्ही ओ दिली नाही.

नव्वदला ओढ लागली तरी कोणी हात काढला नाही. अठ्ठ्याण्णव वयनी म्हणाली. नव्व्याण्णव मी म्हटलं.

शंभर कोणी म्हटलं नाही.